पान उलटण्याआधी: मुलांसाठी चित्रपुस्तक कसं करावं

चित्रपुस्तक एकाच वेळी दोघं वाचत असतात. मोठं माणूस अक्षरं वाचतं आणि मांडीवरचं मूल चित्र वाचतं. मोठ्याची नजर ओळीवर फिरत असते, तेवढ्यात मुलाने चित्राचा कोपरान् कोपरा धुंडाळलेला असतो. मजकुरात आहे तेच चित्रात पुन्हा काढलं, तर त्या मुलाला शोधायला काही उरत नाही. म्हणून शब्द आणि चित्र यांनी काम वाटून घ्यायचं, आणि हे वाटप पानागणिक ठरवायचं. या प्रकारातली बहुतेक अडचण याच वाटपात आहे आणि बहुतेक आनंदही.

एकोणिसाव्या शतकात रँडॉल्फ कॉल्डेकॉट या इंग्रज चित्रकाराने बडबडगीतांसाठी चित्रं काढताना ही वाट दाखवली. शब्द जिथे थांबतात, तिथून त्याचं चित्र पुढचं सांगू लागतं. अमेरिकेत १९३८ पासून दर वर्षी उत्तम चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला त्याच्या नावाचं पदक देतात.

आधी पानांचा हिशेब

गोष्ट सुचली की लगेच लिहायला बसू नका. आधी तिला किती पानं मिळणार ते ठरवा. छापखान्यात मोठा ताव दोन्ही बाजूंनी छापतात, त्याला घड्या घालतात आणि मग कापतात. त्यामुळे पानं ८ किंवा १६ च्या पटीत निघतात. जगभर ३२ पानांचं चित्रपुस्तक रूढ झालं ते याच कारणाने. पिनांचं साधं पुस्तक २४ पानांचंही छान होतं. मधलीच एखादी संख्या धरली, तर कागद वाया जातो किंवा शेवटी कोरी पानं उरतात.

३२ पैकी सगळी पानं गोष्टीला मिळत नाहीत. पुठ्ठ्याला चिकटणारा कागद वेगळा लावणार असाल, तर पान १ वर नाव, २-३ वर हक्कांची माहिती आणि अर्पणपत्रिका येते. गोष्ट ४-५ पासून सुरू होऊन ३०-३१ पर्यंत जाते. म्हणजे १४ जोडपानं (पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं म्हणजे एक जोडपान), आणि ३२ वर एक सुटं पान. हे सुटं पान सोन्याच्या मोलाचं असतं. गोष्ट संपली असं वाटल्यावर शेवटची गंमत तिथेच ठेवता येते. चिकटवायची पानं याच ३२ मधून काढायची असतील, तर पान १ आणि ३२ पुठ्ठ्याखाली जातात, २-३ आणि ३०-३१ आतलं अस्तर होतात, ४-५ वर नाव येतं आणि गोष्टीला फक्त १२ जोडपानं उरतात. दोन जोडपानांचा हा फरक उशिरा लक्षात आला, तर काढून झालेली चित्रं टाकून द्यावी लागतात. म्हणून प्रकाशकाला किंवा छापखान्याला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

शून्य ते तीन वर्षांच्या मुलांसाठी जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कापलेले कोपरे आणि एका जोडपानावर एखाददुसरं वाक्य. ही पुस्तकं चघळली जातात, त्यामुळे शाई, गोंद आणि लॅमिनेशन लहान मुलांसाठी सुरक्षित असल्याची खात्री छापखान्याकडून लेखी घ्यावी.

मजकूर: लिहिणं कमी, काढणं जास्त

चार ते सात वर्षांच्या मुलांच्या पुस्तकाला ३०० ते ५०० शब्द पुष्कळ झाले. १४ जोडपानांवर प्रत्येकी ३० शब्द धरले, तरी ४२० होतात. पहिला खर्डा हजार शब्दांचा होतोच, त्याने घाबरून जाऊ नका. पण कापताना कुठे हात घालायचा ते कळलं पाहिजे.

समजा खर्ड्यात असं वाक्य आहे: “लाल फ्रॉक घातलेली निमा घाबऱ्या चेहऱ्याने मोठ्या हिरव्या दारामागे जाऊन लपली.” फ्रॉकचा लाल रंग, दाराचा हिरवा, दाराचा मोठेपणा आणि निमाचा चेहरा हे सगळं चित्रात दिसणार आहे. ते काढलं की उरतं “निमा लपली.” आता पान उलटा. “कुणीच शोधायला आलं नाही.” या दोन छोट्या वाक्यांमध्ये पान उलटण्याचा क्षण आला आणि गोष्टीने श्वास घेतला. आता चित्रकाराला मोकळीक द्या. दुसऱ्या पानावर दाराच्या फटीतून एक शेपूट दिसू द्या. मजकुरात कुत्र्याचं नावही नको. मोठं माणूस “कुणीच आलं नाही” असं वाचत असताना मूल ओरडतं, “आलाय की! तो बघ!” मोठ्याला जे दिसलं नाही, ते आपल्याला दिसलं, हा मुलाचा आनंद फार मोठा असतो. चित्रपुस्तक करणाऱ्याची खरी कमाईही तीच.

काय काढायचं आणि काय ठेवायचं, यासाठी एक सोपी कसोटी आहे. दिसणाऱ्या गोष्टी चित्राकडे सोपवा: रंग, आकार, कपडे, जागा, हावभाव. न दिसणाऱ्या शब्दांकडे ठेवा: आवाज, वास, वेळ, मनातला विचार, नावं. “तीन दिवस झाले” हे चित्रात सांगायला तीन चित्रं लागतात, शब्दांत तीन शब्द. वास तर चित्रात येतच नाही.

हा मजकूर मोठ्याने वाचला जाणार आहे, तेव्हा तो कानाने लिहा. आपल्या भाषेत हळूच, गुपचूप, धाडकन, टपटप, खुसखुस अशा शब्दांची श्रीमंती आहे. ती वापरा, पण एका जोडपानावर एकच. सगळीकडे धाडधूड झालं की एकही आवाज ऐकू येत नाही. यमकात लिहायचं असेल, तर प्रत्येक ओळीच्या मात्रा मोजा. आठ-आठ मात्रांचा ठेका धरला आणि एका ओळीत दहा झाल्या, तर वाचणारा अडखळतो आणि मूल मान वर करून बघतं. यमक जुळवण्यासाठी “नवा” शेजारी उगाच “थवा” आणून बसवावा लागत असेल, तर ती गोष्ट गद्यातच सांगा. आणि उपदेश शेवटच्या पानावर चिकटवू नका. निमाने काय केलं हे मुलांनी पाहिलेलं असतं. “म्हणून मुलांनो” असं म्हटलं, की त्या पाहण्याला किंमत उरत नाही.

स्वतः चित्रं काढत नसाल, तर चित्रकाराला देण्याच्या सूचना मोजक्या ठेवा. मजकुरातून कळत नाही पण गोष्टीला आवश्यक आहे, तेवढंच लिहायचं. वरच्या उदाहरणात “दाराआडून कुत्र्याचं शेपूट दिसतं” ही सूचना हवी. “निमाच्या दोन वेण्या, निळ्या रिबिनी” ही नको. प्रत्येक पानाला सूचना लिहिणारा लेखक चित्रकाराच्या हातची गोष्ट काढून घेतो, आणि तसं पुस्तक ओळखू येतं. त्यातली चित्रं आज्ञाधारक असतात, पण त्यांना स्वतःचं काही म्हणायचं नसतं.

कच्ची प्रत

ए-फोरचे ८ कागद एकात एक घालून मध्ये दुमडा आणि घडीवर दोन पिना मारा. झाली ३२ पानं. प्रत्येक पानावर आकडा टाका. मजकूर छापून, कात्रीने कापून, हलक्या गोंदाने किंवा टेपने पानापानावर चिकटवा. पुन्हा उचलता आला पाहिजे, कारण तो खूप वेळा हलणार आहे. आता पुस्तक हातात धरून, पानं उलटत वाचा. पडद्यावर ओळीने मांडलेली पानं बघून हे काम होत नाही. पान उलटताना लागणारा अर्धा सेकंद तिथे नसतोच, आणि गोष्टीची सगळी उत्कंठा त्याच अर्ध्या सेकंदात असते.

काय तपासायचं? उजव्या पानाच्या शेवटी वाचणाऱ्याला पुढे जावंसं वाटतंय का. उत्तर आणि प्रश्न एकाच जोडपानावर आलेत का. आले असतील तर मूल आधी उत्तर बघून मोकळं होतं. सलग तीन जोडपानांवर तीच जागा, तेवढीच माणसं, तेवढ्याच अंतरावरून दिसतायत का. गोष्टीतला मोठा प्रसंग संपूर्ण जोडपानभर पसरलाय की एका कोपऱ्यात दाटलाय. आणि एक जोडपान तरी शब्दांशिवाय ठेवता येईल का, ते नक्की बघा. गोष्ट सर्वात ताणलेली असते त्या जागी शब्द गप्प झाले, तर मूल स्वतःच बोलू लागतं.

चित्रांचे आराखडे आधी काडेपेटीएवढे काढा. एका कागदावर १४ चौकटी, प्रत्येक जोडपानाला तीन-चार पर्याय. इतक्या लहान चौकटीत डोळे-नाक काढता येत नाही, त्यामुळे हात आपोआप रचनेकडे वळतो: कोण मोठं, कोण लहान, उजेड कुठे, मोकळी जागा कुठे. देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून निघालेलं पात्र डावीकडून उजवीकडे चालत असलं की गोष्ट पुढे जाते असं वाटतं. उलट दिशेने चालणारं पात्र परत येतंय किंवा कुणाला तरी अडवतंय असं भासतं. हा नियम मोडायचा असेल तर मोडा, पण कारण असू द्या. मजकुराची जागाही याच चौकटीत आखा. चित्र पूर्ण झाल्यावर अक्षरांना जागा शोधणं ही सर्वात जास्त होणारी चूक. मग अक्षरं झाडाच्या पानांवर किंवा विटांच्या भिंतीवर चढतात आणि वाचता येत नाहीत.

मुलांपुढे नेताना

रंग भरण्याआधी कच्ची प्रत पाच-सहा मुलांसमोर वाचून बघा. “आवडलं का?” असं विचारू नका, मुलं मोठ्यांचं मन राखतात. वाचताना त्यांच्याकडे बघा. कुठे पुढे सरकतात, कुठे बोट दाखवतात, कुठे चुळबुळ करतात, हे त्या-त्या पानाच्या आकड्यासमोर लगेच टिपा. मग दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि आपण मागे बसून ऐका. लेखक वाचतो तेव्हा कच्च्या वाक्यांना आवाजाने सांभाळून घेतो. परकं माणूस वाचू लागलं की ती वाक्यं उघडी पडतात. ते जिथे अडखळलं, तिथे वाक्य चुकलंय, वाचणारा नाही.

मुलं पुन्हा वाचायला सांगतात, दहा वेळा, पन्नास वेळा. दहाव्या वेळीही नवीन सापडावं असं काहीतरी ठेवलेलं असेल, तरच हे घडतं. शेपटीचा तो कुत्रा पहिल्या पानापासून कुठे ना कुठे असू द्या. वाचता न येणारं मूल एक दिवस पुस्तक स्वतः हातात घेतं, पाठ झालेलं वाक्य म्हणत बरोबर जागी पान उलटतं. वाचनाची सुरुवात अशीच होते, आणि आपण केलेलं पुस्तक त्या हातात दिसणं यासारखं दुसरं सुख नाही.

पक्की चित्रं

सुरुवात पात्राच्या तक्त्याने करा: समोरून, बाजूने, पाठमोरं, बसलेलं, धावणारं, आणि पाच-सहा भाव. मुलाचं प्रमाण सांभाळा. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, पाच-सहा वर्षांच्या मुलाची पाच-साडेपाच पट, तर दोन वर्षांच्या मुलाची चार-पाच पट. मोठ्याचं शरीर नुसतं लहान करून काढलं, तर मूल न दिसता बुटका माणूस दिसतो. तक्त्याशेजारी एक यादी लिहा: वेण्या किती, बटणं किती, खरचटलेला गुडघा कुठला, पिशवी कुठल्या खांद्यावर. सातव्या पानावरची चार बटणं नवव्या पानावर तीन झाली, तर मूल तुम्हाला सोडत नाही.

नंतर १४ छोट्या चौकटींत फक्त रंग भरून बघा. गोष्ट उदास होते तिथे रंग बदलतात का, की सगळी पानं सारखीच झगमगतात, हे एका नजरेत कळतं.

मापं चुकली तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ही नीट बघा. चित्र कापायच्या रेषेच्या बाहेर निदान ३ मिलिमीटर जायला हवं. हाताने काढताना १० मिलिमीटर जास्त काढा, म्हणजे थोडं सरकवायला वाव राहतो. अक्षरं आणि चेहरे कापायच्या रेषेपासून १० ते १२ मिलिमीटर आत ठेवा. जोडपानाच्या मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना १० ते १५ मिलिमीटर पट्ट्यात चेहरा, हात किंवा अक्षर नको. आकाश, भिंत, गवत घडीत गेलं तर चालतं. डोळा घडीत गेला की पात्र तिरळं दिसतं.

जलरंगांसाठी ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद घ्या. पातळ कागद ओल धरून उठतो आणि स्कॅनरखाली त्याच्या लाटांच्या सावल्या येतात. मूळ मापातच छापायचं असेल, तर ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन पुरतं. मोठं करायची शक्यता असेल तर ६०० ठेवा. फिकट धुवट रंग स्कॅनमध्ये उडून जातात, त्यामुळे मूळ चित्र शेजारी ठेवून ते परत आणावे लागतात. संगणकावर काढणाऱ्यांनी पहिल्या चित्रालाच छपाईच्या चार शायांमध्ये (आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी) रंग कसे दिसतील ते तपासावं. पडद्यावरचा झळझळीत हिरवा, जांभळा आणि नारिंगी कागदावर उतरत नाही. रात्रीची दृश्यं विशेष जपा. बिनचकाकीच्या कागदावर शाई मुरते आणि रात्र नुसती काळी होते, म्हणून मधल्या छटा पडद्यावर हव्यात त्यापेक्षा थोड्या उजळ ठेवा.

वेळेचा अंदाज बांधायला एक जोडपान पूर्ण करा, लागलेले दिवस १४ ने गुणा आणि त्यात तिसरा हिस्सा आणखी मिळवा. दुरुस्त्या त्या वाढीव दिवसांत होतात.

अक्षरं

देवनागरीत मात्रा, रफार, वेलांट्या वर जातात आणि उकार खाली उतरतात, म्हणून ओळींमध्ये जास्त जागा लागते. १८ पॉइंटच्या (पॉइंट हे छपाईतलं अक्षरांचं माप) अक्षराला २८ ते ३० पॉइंटचं अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. नुकतं वाचू लागलेल्या मुलांसाठी २० ते २४ पॉइंट बरं. त्यांच्या पुस्तकात जड जोडाक्षरं कमी असावीत. मोठ्यांनी वाचून दाखवायच्या पुस्तकाला ती अट नाही. ओळ अर्थाच्या जागी तोडा. “निमा हळूच दाराच्या / मागे लपली” यापेक्षा “निमा हळूच / दाराच्या मागे लपली” हे वाचायला सोपं.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं टाळा. चार शायांपैकी एक केसभर सरकली तरी अनुस्वार भरून जातो. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा असावा, चारही रंग मिसळलेला नको. त्याच्या कडांना रंगीत सावली येते.

मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमधून बदलताना “दुसऱ्या”चं “दुसर्या” होतं, आणि मुलं जे छापलंय तेच खरं मानतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या नीट जोडणारी वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. ल आणि श यांची मराठी वळणं असलेला फॉन्ट निवडा, कारण शाळेत मूल तीच गिरवतं.

करार

लेखक आणि चित्रकार वेगळे असतील, तर मैत्री कितीही असो, कागद करा. मानधनाचा वाटा (बहुतेकदा निम्मा-निम्मा), मुखपृष्ठावर दोघांची नावं, भाषांतराचे आणि डिजिटल आवृत्तीचे हक्क, मूळ चित्रं कुणाची, आणि दुरुस्तीच्या फेऱ्या किती हे त्यात हवं. आराखड्यावर दोन फेऱ्या आणि पक्क्या चित्रावर एक, हे दोघांनाही झेपतं. चित्रकाराचे पैसे करार, आराखडे आणि अंतिम चित्रं असे तीन हप्त्यांत द्यावेत. त्याचे महिने जातात आणि विक्रीचा पैसा फार उशिरा येतो. या क्षेत्रात फक्त पुस्तकांवर घर चालवणारे थोडे आहेत. सुरुवात करणाऱ्याने हे आधीच धरून चालावं, म्हणजे पहिल्या पुस्तकानंतर मन मोडत नाही.

छपाई

आतल्या पानांना १३० ते १७० जीएसएमचा कागद चांगला. यापेक्षा पातळ असला तर मागच्या पानाचं चित्र दिसतं आणि पुढची गंमत फुटते. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर हवा. आडवा असेल तर पानं ताठ उभी राहतात आणि पुस्तक उघडं राहत नाही. ३२ पानांच्या पुस्तकाची पाठ नुसत्या गोंदाने चिकटवू नका. इतक्या बारीक पाठीवर गोंद धरत नाही आणि पानं सुटतात. मध्ये दोन पिना किंवा धाग्याची शिवण घ्या. पिनांच्या पुस्तकात मधली पानं मिलिमीटरभर बाहेर ढकलली जातात आणि कटिंगमध्ये तेवढी जास्त कापली जातात, म्हणून पानांचे आकडे अगदी कडेला ठेवू नका.

छपाईआधी नमुना प्रत मागवा, ती प्रत्यक्षात वापरायच्या कागदावर असेल तर फारच उत्तम. दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. पहिल्या फेरीत फक्त रंग, दुसऱ्या फेरीत फक्त घडी आणि कडा, तिसऱ्या फेरीत फक्त मजकूर. आणि मजकूर वाचायला गोष्ट आधी न वाचलेला माणूस बसवा. शेवटी सगळी प्रत पुन्हा एकदा मोठ्याने, पानं उलटत.

छापील प्रती आल्या की एक बाजूला काढा आणि तिच्या मलपृष्ठावर पेन्सिलीने “दुरुस्ती” लिहा. मुलांसमोर वाचताना जे सापडेल ते त्याच प्रतीत त्या पानावर टिपत जा: निसटलेला अनुस्वार, बदललेली पिशवी, आणि तुम्ही मुद्दाम लपवलेलं पण अजून एकाही मुलाला न दिसलेलं शेपूट. दुसऱ्या आवृत्तीत ते बोटभर बाहेर काढता येईल.